आत्याच्या रंगाचा सिनेमा

मेहकरच्या टॉकीजमध्ये माझ्या आत्याचा नवरा साप चावून मेला, तेव्हा तो संग्रामपूर तालुक्यातल्या आपल्या गावी ओसरीवर बसून चहा पीत असणार. शो दुपारचा होता आणि त्याला दुपारची झोप झाली की कपभर चहा लागतो, असं तिकडचा एक सोयरा कधीतरी बोलला होता. इकडे पडद्यावर त्याचं प्रेत, भोवती आक्रोश, मग दगडावर आपटून फुटणाऱ्या बांगड्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत आत्या बसली होती. तिने आपले दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले. हातांत तिच्या नेहमीच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाकी सगळी टॉकीज नाकं ओढत होती.

हा सिनेमा आत्यावर होता. दुसरबीडहून आत गेलं की आमचं गाव लागतं. गावाच्या खालच्या अंगाला एक विहीर आहे, तिला बायकांची विहीर म्हणतात. आत्या तरुण असताना एका दुष्काळात गावातले गडी कामासाठी बाहेर निघून गेले, प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा बायकांनी ती खणली. टिकाव घेऊन पहिल्यांदा खड्ड्यात उतरली ती आत्या. खाली काळा पाषाण लागला, सुरुंगाची वात पेटवायला कुणी पुढे होईना, तेव्हा तीही आत्यानेच पेटवली. नवऱ्याने टाकलेली बाई, मेली तरी रडायला कोण बसलंय, असं तेव्हा एकीने म्हटलं होतं. आत्या हे हसत हसत सांगते. मला त्याचं कधी हसू आलं नाही.

आता टाकलेली का, ते सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलेलं आहे. आत्या काळी आहे. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळी. लग्न मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. नवऱ्याने तिला पाहिलं ते अंतरपाट बाजूला झाल्यावर, तेही हळदीने माखलेली. हळद उतरली की नवरी उजळते, असं आपल्याकडे म्हणतात. सासूने उजळायची वाट पाहिली. उजळेना, तेव्हा तिला न्हाणीत बसवलं आणि पाय घासायच्या वजरीने घासलं. हात घासले, मान घासली, गाल घासले. रक्त आलं तेव्हा हात थांबला. आखाडात माहेरी पाठवली ती पाठवलीच, न्यायला कुणी आलं नाही. नवऱ्याने दुसरी केली. रंगापायी सून टाकली म्हणायची त्या घराला लाज वाटली असावी, म्हणून त्यांनी उठवून दिलं की पोरीची चाल चांगली नव्हती, सालगड्याबरोबर सापडली. चालीचं नाव निघालं की पुढे कुणी काही विचारत नाही. हे बोलणं आत्याच्या आधी गावात येऊन पोचलं आणि ती म्हातारी झाली तरी गाव सोडून गेलं नाही. विहीर खणली तेव्हा लोकांनी तिला शाबासकी दिली. पण तिच्या पाठीमागे पुटपुटायचं ते पुटपुटतच राहिले.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला आत्याने वाढवलं. तिचा रंगही माझ्याच वाट्याला आला, पुरता. मी मेहकरला शाळेत शिकवते आणि शनिवारी दुपारची एसटी धरून गावी जाते. त्यामुळे तो दिग्दर्शक आमच्या गावात आला तेव्हा मधलं माणूस मीच झाले.

तो पुण्याचा. खादीचा सदरा, मऊ बोलणं, समोरचा बोलत असताना मान तिरकी करून ऐकायची सवय. आत्याने कपात दिलेला चहा बशीत ओतून प्यायचा, आम्हाला बरं वाटावं म्हणून. आमच्या घरात बशीत चहा कुणी पीत नाही, पण त्याला कोण सांगणार? तो बऱ्याच वेळा आला. आत्या विहिरीचं सांगे आणि त्याच्या मोबाइलमध्ये ते भरत जाई. एका दुपारी तिने वजरीचं सांगितलं. आवाज जराही न हलवता सांगितलं, बाजरीच्या भाकरीला पाणी किती लागतं ते सांगावं तसं. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. त्याने चष्मा काढून पुसला. मग आत्याने त्याला अट घातली.

"इहिरीचं राहू द्या," ती म्हणाली. "इहीर त गावाले माहीत आहे. मले काऊन सोडलं थे सांगजा. मी काळी म्हणून सोडलं, वाईट चालीची म्हणून नाही. तेवढं एक सांगजा, बाकी तुमाले करा लागंन थे करा."

त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि शब्द दिला. आत्याने आणखी काही मागितलं नाही. साडी नाही, मान नाही, सिनेमाच्या पाटीवर नावसुद्धा नाही. मात्र त्या दिवसापासून ती पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या बाकावर, जिथे बसेल तिथे सांगू लागली की सिनेमा निघून राह्यला, त्यात सगळं येणार आहे. सगळं म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. मला कळे. मधे दोन उन्हाळे गेले. दर शनिवारी मी पायरीवर चप्पल काढायच्या आत ती विचारायची, झालं का वं त्याहीचं? जन्मभराचा ठपका उतरायची ती वाट बघत होती, आणि मी एसटीच्या धुळीने भरलेल्या तोंडाने सांगायची, होईल, होईल.

मग एक दिवस माझ्या मोबाइलवर फोटो आला. आत्याचं काम कोण करणार ते ठरलं होतं. बाई इतकी गोरी की आमच्याकडे अशा बाईला वावरात न्यायचं म्हटलं तर बरोबर छत्री धरणारा माणूस द्यावा लागेल. साबणाच्या जाहिरातीतही तीच असायची. मी दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, नाव लागतं, नावाशिवाय एवढा मोठा सिनेमा उभा राहत नाही. रंगाची काळजी करू नका, मेकअपचा माणूस परदेशात शिकून आलेला आहे. मी काळजीत नव्हतेच, मी संतापले होते. पण मऊ बोलणाऱ्या माणसावर संताप काढायला जागाच सापडत नाही, उशीवर बुक्क्या मारल्यासारखं होतं.

शूटिंग आमच्याच गावात झालं. गावच्या शाळेची एक खोली मेकअपला दिली होती. नटीला आमची बोली शिकवायला मला बोलावलं, म्हणून मी शाळेतून रजा काढली. पहिल्या दिवशी बोली राहिली बाजूला. मेकअपच्या माणसाने आधी आत्याचा हात हातात घेऊन पाहिला. सुरकुत्या, डाग, वयाने रंग फिरलेला. त्याला तरुणपणीची आत्या हवी होती. मग त्याची नजर माझ्या हातावर पडली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने मला नटीच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, माझा हात कोपरापर्यंत उघडा करून टेबलावर ठेवला आणि त्याकडे बघत बघत तिच्या गालावर रंग चढवू लागला. ब्लाउजपीस जुळवायला दुकानदार काउंटरवर साडीचा पदर पसरून ठेवतो, तसा माझा हात तिथे पसरलेला होता. मधूनमधून तो थोडा रंग माझ्या मनगटावर लावून बघे, मान हलवे आणि पुन्हा तिच्याकडे वळे. सकाळ उजाडली की आधी माझा हात, मग तिचं तोंड, असा नेमच पडला.

नटी वाईट नव्हती, हे सांगायला हवं. वाईट असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत न हलता बसायची, ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आणायची, मी सांगेन तसं मले, तुले, त्याले घोकायची. फक्त सगळ्याच शब्दांना ले लावत सुटायची, अडवावं लागायचं. एकदा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली की ताई, तुमची स्किन किती सुंदर आहे. ती मनापासून बोलली होती. मला माझ्या लग्नाच्या वेळचा फोटो आठवला. मेहकरच्या स्टुडिओवाल्याची रीतच आहे, स्थळासाठी काढलेला प्रत्येक फोटो तो न विचारता उजळून देतो आणि त्याचं काही वेगळं मागत नाही. तो फोटो बघून पाहुणे यायचे, मला बघून कांदेपोहे खायचे आणि जातो म्हणून जायचे ते कायमचेच. आमच्या मुलखात काळ्या बाईला गोरं करायला स्टुडिओवाला फुकट राबतो आणि गोऱ्या बाईला काळं करायला माणूस परदेशातून शिकून येतो. दोघांनाही काळ्या बाईचं तोंड तेवढं नको असतं.

संवाद पाठ करून घ्यायचे म्हणून कागद माझ्या हातात आले, तेव्हा मी ते पहिल्या पानापासून वाचले. न्हाणी नव्हती. वजरी नव्हती. सासू मायाळू होती. नवरा तर फारच चांगला, पहिल्या अर्ध्या तासात साप चावून मरणारा. मी कागद घेऊन दिग्दर्शकाकडे गेले. तो कडुनिंबाखाली बसून पपई खात होता. त्याने मला खुर्ची दिली, पपईही दिली, आणि समजावून सांगितलं.

"मॅडम, प्रेक्षक विचारेल ना, हिला कोण सोडेल? कितीही काळं केलं तरी ती तीच दिसते."

मग खरी काळी बाई घ्यायची होती, मी म्हणाले. तो म्हणाला, खूप शोधलं, तशी मिळाली नाही. हे तो माझ्याशी बोलत होता. माझ्या मनगटावर सकाळचा रंग अजून तसाच होता आणि तो कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, ते ऊन पडलं तरी दिसत नव्हतं. मी आत्याला दिलेल्या शब्दाचं विचारलं. तो म्हणाला की प्रसंग बदललाय, पण वेदना तीच ठेवली आहे. विधवेची वेदना सगळ्यांना भिडते. मी म्हणाले, तिचा नवरा जिवंत आहे हो. त्याने मान तिरकी करून ऐकलं. ऐकून घेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगितलं. तिने माझ्यावरच विश्वास ठेवला नाही. कागदावर काही बी असते, ती म्हणाली, करतांनी करंन, पायाले हात लावला त्यानं. माझ्या तोंडाला नेहमीच कडू चव असते, असंही म्हणाली. ते खोटं नाही.

त्या सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग ओटीचा आहे. विहिरीला पाणी लागतं आणि गावातल्या सवाष्णी रूढी मोडून त्या विधवेची ओटी भरतात. त्यासाठी आमच्या गावातल्याच बायका निवडल्या होत्या. सामान युनिटवाल्यांनी आणलं होतं, प्लास्टिकची फळं, कुठलासा जुना खण, आतून फुटका नारळ. बायकांनी हात लावायला नकार दिला. खोटी ओटी भरू नये, जिची भरायची तिचं वाईट होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यात नटीचं नुकतंच लग्न झालेलं, ही बातमी गावभर होती. दिग्दर्शक म्हणाला, अहो, हे नाटक आहे. बायका म्हणाल्या, नाटक तुमचं, ओटी आमची. त्या आपापल्या घरी गेल्या आणि खरं सामान घेऊन आल्या. पाणीदार नारळ, घडी न मोडलेले खण, हळकुंडं, सुपारी, निवडलेले तांदूळ. आणि काळ्या रंगाखालच्या त्या गोऱ्या बाईची त्यांनी खरीखुरी ओटी भरली. नटी खरंच रडली. हे सगळं होत असताना दिग्दर्शकाने मानाने बसवलेली आत्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्याजवळच्या खुर्चीवर बसून बघत होती.

आत्याची ओटी गावात कधी कुणी भरली नाही. सवाष्ण म्हणावी तर नवऱ्याजवळ नांदत नाही, विधवा म्हणावी तर नवरा धडधाकट, आणि वर चालीचं बोलणं. म्हणून बायकांनी सोपा मार्ग काढला होता, बोलवायचंच नाही. तिने खणलेल्या विहिरीचं पाणी भरायच्या आणि तिच्या दारावरून हळदीकुंकवाला जायच्या. त्या दिवशी ओटी भरणाऱ्यांत एक आमची शेजारीण होती, भिंतीला भिंत लागून घर. तिने आपल्या पेटीतला चांगला जांभळा खण आणला होता.

"पाह्य वं," आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "रंग त माहाच लावला तिले. मंग याहीले चालला कसा?"

नटीने ती ओटी रुमालात नीट बांधली आणि जाताना बरोबर मुंबईला नेली.

तर त्या दुपारी टॉकीजमध्ये आत्या शेवटपर्यंत वाट बघत होती. नवरा मेला तरी तिला वाटत होतं की पुढे कुठेतरी येईल, एखादी बाई बोलून दाखवेल, एखादी आठवण दाखवतील. विहिरीला पाणी लागलं, ओटी भरली, गाणं झालं, पांढरी नावं वर सरकू लागली. लोक उठले. ती बसून राहिली. झाडणारा माणूस आमच्या रांगेपर्यंत आला तेव्हा तिने मला विचारलं, संपला? मी हो म्हणाले. "सांगतलं नाई त्यानं," ती म्हणाली आणि उठली. बाहेर गावच्या बायका डोळे पुसत उभ्या होत्या. शेजारीण आत्याचा हात धरून म्हणाली की किती सोसलं वं तुमी. सोसायला लावलं कुणी, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

सिनेमाची खूप चर्चा झाली. मोबाइलवर रोज भांडण. गोऱ्या नटीला काळं का फासलं म्हणून एक बाजू तुटून पडली, दुसरी म्हणाली कलेला रंग नसतो. नटीने एका मुलाखतीत सांगितलं की त्या रंगात वावरताना मला काळ्या स्त्रीचं दुःख कळलं. रोज संध्याकाळी तेल लावून पुसून टाकता येतं ते दुःख कसलं, ती तर, बाई, अंगाला लागलेली धूळ आहे. एका चॅनेलवाल्या पोरीने माझा नंबर मिळवला आणि विचारलं, तुमच्या समाजाच्या भावना दुखावल्या का, दोन वाक्यांत सांगा. मी एकाच वाक्यात सांगितलं, ते दाखवण्यासारखं नव्हतं. एवढ्या गदारोळात दोन्हीकडच्या एकालाही वाटलं नाही की जिचा सिनेमा आहे ती बाई जिवंत आहे, तिला विचारावं.

पण आत्याच्या वाट्याला वेगळंच आलं. आमच्या भागात पडद्यावर पाहिलेलं छापील कागदाएवढं खरं मानतात. सिनेमा तालुकाभर पाहिला गेला आणि आत्याचा नवरा तालुकाभर मेला. दुसरबीडच्या बाजारात एका परक्या गावच्या बाईने तिला ओळखलं, पाया पडली, वर बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. सोबतच्या बाईला म्हणाली की नवरा मेलेला अन् कुंकू पाह्य केवढं. हे आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग लग्नाकार्यात, नळावर, तेच. पन्नास वर्षं ती वाईट चालीची होती, आता वाईट चालीची विधवा झाली. त्या बाजाराच्या दिवशी हातातली मेथीची जुडी तिथेच ठेवून ती घरी आली आणि आरशासमोर उभी राहून तिने कुंकू आणखी मोठं केलं.

पुढे सिनेमाला मोठं बक्षीस मिळालं, तेही रंगभूषेचं. मेहकरच्या एका मंडळाने मंगल कार्यालयात सत्कार ठेवला. दिग्दर्शक येणार, नटी येणार, आत्याचा मान करणार. मी नको म्हणाले. आत्या म्हणाली, जाऊ. नवं लुगडं नेसली, मला शेजारी बसवून घेतलं. शाल झाली, नारळ झाला, मग निवेदकाने माइक तिच्या तोंडाशी धरला आणि दोन शब्द बोला म्हणाला. गर्दीत आमचं निम्मं गाव होतं.

"माहा मालक मेला नाही," आत्या म्हणाली. "जित्ता आहे, संग्रामपूरकडं. त्यानं मले काळी म्हणून सोडलं. माही चाल चांगली होती. एवढं सांगाचं राह्यलं सिनेमात."

कार्यालय एकदम शांत झालं. वाटलं, झालं, सुटली ही बाई. तेवढ्यात दिग्दर्शक उठला. त्याने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला, हळूच माइक घेतला आणि त्या मऊ आवाजात म्हणाला, "आत्यांचं आता वय झालंय. आठवणींची थोडी सरमिसळ होते. पण त्या दुःखातून बाई अजून बाहेर आलेली नाही, हेच आपल्याला यातून दिसतं." लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि टाळ्या वाजवल्या. आमच्या गावानेही वाजवल्या. शेजारीण तर डोळे पुसत होती. मी माइक त्याच्या हातातून ओढला आणि म्हणाले की सरमिसळ तिची नाही, तुमची झाली आहे. पण माझा आवाज निघायच्या आधी कुणीतरी सिनेमाचं गाणं लावलं होतं. मी काय बोलले ते पहिल्या रांगेलाही कळलं नसेल.

त्या गाण्यावर नटी ओटीचं ताट घेऊन आली. सिनेमातला प्रसंग उलटा करायचा, अशी मंडळाची कल्पना होती. आत्याने पदर पुढे केला नाही. तिने नटीचं मनगट धरलं, उलटंपालटं करून निरखलं, अंगठ्याने चोळून पाहिलं.

"निघाला का वं सगळा?" तिने विचारलं.

नटी हसली. हो आजी, तेलाने लगेच निघतो, ती म्हणाली.

"मले वजरीनं घासलं होतं बाई," आत्या म्हणाली. "नाही निघाला."

नटीचा हात तिच्या हातात तसाच राहिला. तिने दिग्दर्शकाकडे बघितलं. तिला कुणी ते सांगितलंच नव्हतं, हे मला तिच्या तोंडावर दिसलं. पण गाणं जोरात होतं आणि फोटोवाला ओरडत होता की इकडे बघा, इकडे बघा. दोघींनी इकडे बघितलं.

फोटो मंडळाने चौकटीत घालून पाठवला. मी शनिवारी घेऊन गेले. एसटीत उघडून पाहिला नव्हता. घरी आत्याने वरचा कागद काढला, चष्मा आणायला लावला आणि खिडकीच्या उजेडात धरला. फोटोवाला तोच होता, मेहकरचा स्टुडिओवाला, आणि त्याने आपल्या रीतीप्रमाणे न विचारता काम केलं होतं. नटी गोरी होती. तिच्या शेजारी शाल पांघरून एक गोरी म्हातारी उभी होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

आत्याने काचेवरून, त्या म्हातारीच्या गालावरून, अंगठा फिरवला.

"निघाला वं पोरी," ती म्हणाली. "शेवटी निघाला."